धूळ दिसते, वायू दिसत नाही

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे आणि पोरबंदरहून सिल्चरकडे जाणारे देशाचे दोन मोठे महामार्ग झाशीपाशी एकमेकांना छेदतात. राणी लक्ष्मीबाईमुळे मराठी माणसाला जवळचे वाटणारे हे बुंदेलखंडातील शहर आज मालमोटारींच्या वाटेवरचे नाके झाले आहे. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मानके पूर्ण न करणाऱ्या शहरांत झाशीचाही समावेश झाला.

या कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः हवेतील धूलिकणांवरून मोजली गेली. त्यामुळे देशभर बहुतेक निधी रस्ते झाडणे, पाणी शिंपडणे अशा कामांवर खर्च झाला. झाशीभोवती दगड फोडण्याच्या खाणी आहेत, जवळच पारीछा येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. तेव्हा धुळीची आणि राखेची चिंता खोटी नाही. परंतु जे डोळ्यांना दिसते तेवढेच आवरायचे, हा न्याय अपुरा आहे. शिवाय पाणी शिंपडणारा टँकरही बहुधा डिझेलवरच धावत असतो!

पेट्रोल आणि डिझेल ही मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांची इंधने आहेत. ती पूर्णपणे जळाली, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरावे. एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पृथ्वीच्या तापमानवाढीत भर घालतो. पण इंजिनात इंधन पुरते जळतच नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात साऱ्या इंधनाला हवा मिळणे कठीण असते. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मात्र रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो आणि शरीराचा प्राणवायू हिरावून घेतो.

इंजिन उत्तम स्थितीत असले तरी सुटका नाही. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा आहे. एरवी स्वस्थ असणारा हा वायू इंजिनातील प्रखर उष्णतेत प्राणवायूशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. कडक उन्हात ही ऑक्साइडे व न जळालेली इंधनाची वाफ यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर रक्षण करणारा हाच वायू श्वासावाटे छातीत गेला, की दम्याच्या रुग्णाला जीव नकोसा होतो. झाशीचा उन्हाळा किती कडक असतो, हे सर्वश्रुत आहे. डिझेलच्या धुराला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक ठरवले.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानके लागू झाली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. परंतु नवे इंधन जुन्या इंजिनाला नवे करीत नाही. वाहनांच्या प्रदूषण तपासणीतही पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले इंधन मोजतात, डिझेलच्या गाडीच्या धुराची दाटी पाहतात; नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. म्हणजे हाती प्रमाणपत्र असलेली मालमोटारही निर्दोष असतेच असे नाही.

याची किंमत वातानुकूलित मोटारीत काचा लावून बसणारा सर्वांत कमी मोजतो. चौकात दिवसभर उभा असलेला वाहतूक पोलीस, हातगाडीवरचा फळविक्रेता, थांब्यावर बसची वाट पाहणारी मजूर स्त्री यांना मात्र तीच हवा तासन्‌तास घ्यावी लागते. म्हणून झाशीसारख्या शहराने धुळीबरोबरच या वायूंचाही हिशेब जाहीरपणे मांडला पाहिजे, वाहन तपासणीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी आली पाहिजे, आणि दूर पल्ल्याच्या मालमोटारी वस्तीत न शिरता बाहेरूनच गेल्या पाहिजेत.