गोळी आजची, गुण आठवड्याने

रक्तदाबाची गोळी सुरू झाली की अनेक जण दुसऱ्याच दिवशी केमिस्टकडे प्रेशर मोजून घेतात. आकडा तसाच दिसला की कोणी दोन गोळ्या घेतो, तर कोणी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलतो. अंधेरी असो वा मुलुंड, दवाखान्यांत हा रोजचाच अनुभव. दोष बहुतेक वेळा गोळीचा नसतो, घाईचा असतो.

अ‍ॅम्लोडिपिन ही नेहमी दिली जाणारी गोळी मुळातच संथ आहे. ती आतड्यांतून हळूहळू शोषली जाते आणि रक्तातील तिचे प्रमाण 6 ते 12 तासांनी सर्वाधिक होते. जेवणाआधी घ्या किंवा नंतर, फरक पडत नाही. यकृत तिचे निष्क्रिय घटकांत रूपांतर करते आणि ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. रक्तातील औषध निम्म्यावर यायला 30 ते 50 तास लागतात. त्यामुळे रोजच्या गोळीत आदल्या दिवसांची शिल्लक मिळत जाते आणि साधारण 7-8 दिवसांनी पातळी स्थिरावते. पूर्ण परिणाम दिसायला आणखी काही दिवस लागू शकतात.

ही शिल्लक फसवीही असते. गोळी बंद केली तरी दोन-तीन दिवस प्रेशर बरे दिसते. ‘आता गरज नाही’ असे वाटू लागते. मग औषध उतरत जाते, दाब चढत जातो आणि डोके दुखत नाही म्हणून कळतही नाही. कळते ते कधी कधी थेट पक्षाघाताने.

सकाळची लोकल गाठताना गोळी राहिली, तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना सांगावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके यकृताचे हे काम मंदावतात, म्हणून दुसरे औषध घेतानाही चालू गोळीचे नाव सांगावे. रक्तदाबाची सगळीच औषधे इतकी संथ नसतात. काही अचानक थांबवणे धोक्याचे ठरते.

मात्र नियमितपणाची जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्याला आठ दिवसांच्या गोळ्या देऊन ‘पुन्हा या’ म्हणणे, म्हणजे औषध तुटण्याची सोय करणे होय. प्रेशर आटोक्यात असलेल्या रुग्णाला सरकारी आणि पालिका दवाखान्यांनी किमान महिन्याभराचे औषध एकदम द्यावे. ‘गुण यायला वेळ लागेल, बरे वाटले तरी थांबवू नका’ हे वाक्यही गोळ्यांसोबत द्यावे. त्याला खर्च नाही.