रिचार्ज स्वस्त, पण फोन चालतो का? नंबर पोर्ट करण्याआधी हे तपासा

पुसद : जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले, तेव्हापासून गावागावांत 'नंबर पोर्ट करायचा का' ही चर्चा सुरूच आहे. कोणी बीएसएनएलकडे वळतो, कोणी जिओकडे. पण हिशेब होतो तो फक्त रिचार्जचा. हातातला फोन नव्या कंपनीच्या नेटवर्कवर चालतो का, हे बहुतेक जण पाहतच नाहीत. मग नवे सिम टाकल्यावर 'नो सर्व्हिस' दिसते आणि दोष टॉवरला दिला जातो.

आता नंबर म्हणजे फक्त बोलणे नाही. पीएम किसान आणि लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो की बँकेचे काम, ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर अडला की कामही अडते.

बटणाचा फोन आणि जिओ

साधा बटणाचा फोन बहुतेक वेळा २जी असतो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचे २जी नेटवर्क असल्याने तिथे तो चालतो. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली तीच ४जी घेऊन. तिच्याकडे २जी, ३जी नाहीच. त्यामुळे जुन्या बटणाच्या फोनमध्ये जिओचे सिम टाकले तर रेंज येणारच नाही, टॉवर घराशेजारी असला तरी. याउलट, २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेला जिओ भारत फोन ४जी आहे, पण त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. म्हणजे तो फोन असेल तर नंबर पोर्ट करताना फोनही बदलावा लागतो.

४जी फोन आहे, तरी कॉल लागत नाही?

४जीवरून कॉल करायला फोनमध्ये 'व्होल्टी' ही सोय लागते. ती नसेल तर इतर कंपन्यांचे कॉल २जी किंवा ३जीवरून लागतात. जिओकडे ती वाटच नाही. अशा फोनवर जिओचे नेट चालेल, पण साधा कॉल लागणार नाही. अनेक जुन्या डबल सिम फोनमध्ये एकाच खाचेत ४जी मिळते, दुसरी खाच फक्त २जीची. सिमची जागा बदलली तरी कधी कधी काम होते.

बीएसएनएलकडे जाताना

बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी सेवेचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. ही सेवा प्रामुख्याने ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. ७०० ची लहर लांब जाते, घरातही शिरते. डोंगराळ भागाला तीच उपयोगाची. पण काही जुन्या, स्वस्त ४जी फोनमध्ये ७०० चा बँडच नसतो. शेजाऱ्याच्या फोनवर नेट पळते अन् आपल्या फोनवर गोल फिरत राहते, त्याचे एक कारण हे असू शकते. शिवाय बीएसएनएलचे सिम जुने असेल तर ते बदलून ४जीचे घ्यावे लागते.

असा फटका नवा नाही. २००३ च्या सुमारास रिलायन्सचे सीडीएमए फोन स्वस्तात घरोघरी आले. ते दुसऱ्या कंपनीच्या जीएसएम नेटवर्कवर चालत नव्हते. सीडीएमए सेवा बंद झाली आणि चालू स्थितीतले फोनही निकामी झाले.

पोर्ट करण्याआधी काय करावे?

• ज्या कंपनीत जायचे, तिचे सिम ओळखीच्या माणसाकडून तासभर मागून आपल्या फोनमध्ये टाका. घरी, शेतात, तांड्यावर कॉल लावून आणि नेट सुरू करून पाहा. पुसद शहरात रेंज आली म्हणजे डोंगरापलीकडे येईलच असे नाही.
• फक्त बोलायलाच फोन लागत असेल तर पोर्ट करण्याआधी कॉल आणि एसएमएसचाच पॅक विचारा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये असे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे.
• ई-केवायसीची मुदत जवळ आली असेल तर आधी ते काम उरका, मग १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवा.

एकदा पोर्ट केलेला नंबर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. निर्णय चुकला तर एक तर नवा फोन घ्या, नाहीतर तीन महिने तसेच काढा. तेव्हा रिचार्जमध्ये वाचलेल्या शे-दोनशे रुपयांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.