चाकं वळणावर आणताना

कन्नडमध्ये चाकाला ‘गाली’ म्हणतात, हे आपल्या घरांत सांगायला नको. इंदूरच्या हिंदीत मात्र गाली म्हणजे शिवी! तिथल्या भाच्याची गाडी पाहिली आणि मला दोन्ही अर्थ एकदम आठवले.

हौशी भाचेबुवांनी आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवलेली. अलाइनमेंट ‘नंतर बघू’. बाहेरून टायर ठीक. आतल्या कडेला हात फिरवला तर तारा बोटाला लागल्या. अन् याच गाडीतून बायको-लेकरांसह मुंबईला निघायचा बेत!

गाडी खाली गेली की खालचे आर्म आणि टायरॉड यांचे कोन बदलतात. चाकं वरून आत कलतात, तो कॅम्बर. पुढून मिटतात किंवा फाकतात, तो टो. टो बिघडला की टायर घासत चालतो. म्हणून आधी बुश, बॉल जॉइंट तपासावेत. नव्या स्प्रिंगा थोडं चालवून बसू द्याव्यात. हवा, म्हणजे आपली ‘गाळी’, नेमकी भरावी. मग चारही चाकांचं माप घेऊन आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा कागद मागावा. बऱ्याच गाड्यांत कॅम्बर फिरवायची सोय नसते. त्यासाठी वेगळे बोल्ट लागतात.

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. कंपन्या तिथे गाड्या पारखून घेतात. आपण हौसेने बदललेल्या गाडीला अशी परीक्षा कुठली? तिची परीक्षा म्हणजे हा आकड्यांचा कागदच. भाच्याने टायर बदलले, कागद घेतला, मगच मुलांना गाडीत बसवलं.