पहिल्या भेटीच्या गोष्टी आणि आमची मंडळी

गेल्या दिवाळीनंतरची हकीकत आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या हाताखालून सातवी होऊन गेलेली आणि सध्या अकरावीत शिकणारी एक मुलगी सकाळीच आमच्या ओट्यावर आली. तिने दप्तरातून एक दिवाळी अंक काढून आमच्यापुढे ठेविला. अंक आमचाच, तिला वाचावयास दिलेला. मधली सहा पाने टराटरा फाडलेली होती. मुलगी कोणाची, आळ्याची की शेजारच्या वाडीची, हे सांगण्याचे कारण नाही. अशी मुलगी हल्ली प्रत्येक वस्तीवर आहे.

पाने फाडली ती तिच्या चुलत्याने. पानांचा गुन्हा एवढाच की, त्यांत एक लहानशी गोष्ट छापली होती. पावसात एस.टी. स्टँडवर अडकलेली एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांत छत्री एकच. ओळख नाही, पाळख नाही. “असली थेरं शिकायला हिला कॉलेजात घातली काय?” असे म्हणून चुलत्याने अंक फाडला, आणि त्या रात्रीपासून घरात बोलणी सुरू झाली की, परीक्षा होताच स्थळे पाहावयास लागावे. आम्हांस वाटले, आता मुलगी रडेल. पण ती म्हणाली, “गुरुजी, अंक फाटला, रागावू नका. पण शेवटी त्यानं छत्री परत दिली का नाही, तेवढं सांगा.”

वाचकहो, घरात लग्नाच्या गोष्टी चालू असता जिला छत्रीचे काय झाले याची हुरहूर लागून राहते, ती मुलगी बिघडली असे आम्हांस म्हणवत नाही. तिला वाचनाची गोडी लागली आहे, आणि ही गोडी लागावी म्हणूनच तर आम्ही वीस वर्षे खडू झिजवीत आहोत. तेव्हा या प्रकरणी दोन शब्द लिहिणे आम्हांस भाग आहे.

आमच्या मंडळींचे म्हणणे असे पडते की, तरुण पोरांनी प्रेमाच्या गोष्टी वाचू नयेत, त्याने मन चळते. वाचावयाचे तर थोरांची चरित्रे वाचावी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचावी. चरित्रे वाचावी हे आम्हांसही कबूल आहे. पण हीच मंडळी जत्रेत तमाशाच्या तंबूत पुढची जागा धरावयास सर्वांआधी हजर असतात. नारायणगाव येथून हाकेच्या अंतरावर. तमाशाचे फड ठरवावयास गावोगावचे पुढारी तेथे जातात, हे कोणास नवे नाही. तमाशा ही बहुजनांची कला आहे, तिला आम्ही नावे ठेवीत नाही. आमचा प्रश्न इतकाच की, बापाने शृंगार फेटा उडवून ऐकावा आणि लेकीने पावसातल्या छत्रीची गोष्टसुद्धा वाचू नये, हा न्याय कोणत्या गावचा?

बरे, हे खूळ नवे आहे, शहरातून किंवा मोबाइलातून आले, असे म्हणावे तर तेही खरे नाही. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, हे आमच्या शाळेतील पोरेही सहलीला जाऊन पाहून आली आहेत. त्याच सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर ‘गाथा सप्तशती’ हा सातशे गाथांचा संग्रह आहे. तो संस्कृतात नाही, लोकांच्या महाराष्ट्री प्राकृतात आहे. 1956 साली स. आ. जोगळेकरांनी तो मराठी वाचकांपुढे विस्ताराने मांडला. त्यात शेते आहेत, नांगर आहेत, पाटलाची लेक आहे, परगावचा वाटसरू आहे. एका गाथेत पाणपोईवरची तरुणी वाटसरूच्या ओंजळीत पाणी घालीत आहे. तो तिच्याकडे पाहत बोटे सैल सोडून पाणी सांडू देतो, आणि ती हळूच धार बारीक करते. इतकीच हकीकत, दोन ओळींत पुरी. पहिल्या भेटीची याहून लहान गोष्ट कोणी लिहून दाखवावी! आमच्याच घाटवाटांनी फिरणाऱ्या कुणब्यांच्या पूर्वजांना जे ऐकावयास लाज वाटली नाही, ते त्यांच्या खापरपणतीने वाचले तर आकाश कोसळते काय?

मात्र मधल्या काळात असली गोष्ट मराठीत सहसा का आली नाही, याचेही कारण पाहण्यासारखे आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न वडिलांनी लावून टाकावयाचे, अशी जेथे रीत, तेथे तरुण मुलगी आणि तरुण मुलगा यांची पहिली भेट व्हावी कोठून? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? हरि नारायण आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ काढले, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 साली ‘मनोरंजन’ काढले आणि 1909 साली त्याचा पहिला दिवाळी अंक दिला. गोष्टी छापावयास पाने झाली. पण पहिली भेट होण्याइतके वय मुलींना मिळाले नव्हते. 1891 चा संमतिवयाचा कायदा बारा वर्षांच्या पुढे गेला नाही, आणि त्यावरही केवढा गहजब झाला! 1929 च्या सारडा कायद्याने मुलीचे वय चौदा केले. 1978 साली ते अठरा झाले. इकडे 1848 पासून जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढून जो मार्ग घातला, त्याने मुलगी घराबाहेर पडली, एस.टी.त बसली, कॉलेजात गेली. पंधरा ते वीस ही जी मोकळी वर्षे आज आमच्या मुलींस लाभली आहेत, ती कोणी आयती दिलेली नाहीत. शाळेने आणि कायद्याने ती भांडून मिळविली आहेत. पहिल्या भेटीची गोष्ट हे त्याच झाडाचे फळ होय. फळ तोडू पाहणाऱ्यांची कुऱ्हाड बहुधा झाडावरच पडते, हे आमच्या या मुलीच्या घरी दिसतेच आहे. गोष्ट फाडली आणि लगोलग स्थळे आली! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे पाचांतली एक. यात आमची लाज आहे, छत्रीच्या गोष्टीत नाही.

आता या गोष्टींत पोरांना एवढे गोड काय लागते? आम्ही मुलांसोबत बसून त्या वाचल्या आहेत, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही त्या आवडतात. एक तर गोष्ट लहान असते. धारा काढून झाल्यावर आणि चूल पेटण्याआधी जो अर्धा तास मिळतो, त्यात ती संपते. दुसरे असे की, ती लग्नाच्या कितीतरी आधी थांबते. तीत हुंडा येत नाही, मानपान येत नाहीत, भाऊबंदकी येत नाही. दोन माणसे एकमेकांस पाहतात, चुकतमाकत बोलतात आणि गोष्ट सरते. त्या घडीला एकाला दुसऱ्याची जमीन किती हे ठाऊक नसते. आडनाव ठाऊक नसते. पहिल्या भेटीत सातबारा नसतो! आमच्या मुलुखात माणसाला माणूस म्हणून पाहावयाची एवढीच एक जागा उरली आहे, आणि ती कागदावर आहे. पोरांना तिची गोडी वाटते यात नवल ते काय?

आमच्या घरी पहिली भेट कशी होते, ते सर्वांस ठाऊक आहे. पोहे येतात. मुलगी खाली मान घालून पाटावर बसते. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असे पाचपंचवीस लोक विचारतात. मुलीने काही विचारावयाचे नसते. आमचेही लग्न असेच ठरले. त्या दिवशी आम्ही आमच्या कुटुंबाचे फक्त नाव ऐकले, तेही तिच्या मामांनी आधी सांगून टाकले होते. लग्नाला बारा वर्षे झाल्यावर एका रात्री ती सहज म्हणाली, “तुमच्या सदऱ्याच्या बाहीला खडू लागला होता. मला वाटलं, हा माणूस पोरांना मारत नसेल.” बारा वर्षे ही गोष्ट तिच्या पोटात होती! आमची पहिली भेट झाली होती आणि आम्हांसच तिचा पत्ता नव्हता. गोष्टी वाचणारी पिढी निदान हे बारा वर्षे आधी बोलेल.

पण मंडळींची खरी भीती वेगळी आहे, ती आता आडपडदा न ठेविता सांगतो. मन चळेल ही भीती नव्हे. मन जातीबाहेर जाईल ही ती भीती होय. गोष्टीतल्या मुलाचे आडनाव आपल्या जातीचे असते, तर चुलत्याने पाने फाडली असती काय? कदाचित फाडली नसती. ही भीती कोठवर जाते हे 2014 च्या एप्रिलात जामखेड तालुक्यातील खर्डा गावी दिसले. वरच्या म्हणविणाऱ्या जातीतील मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा जीव घेतला, अशी फिर्याद झाली. आणि 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. तो मुलगाही शाळेत जाणाराच होता. त्या दोघांचे बोलणे झाले असेल तर काय झाले असेल? वहीचे, अभ्यासाचे, एखाद्या हसण्याचे. गोष्टीचे पहिले पान. पुढची पाने कोणी वाचू दिली नाहीत. तेव्हा भटशाहीच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आम्हा बहुजनांनी स्वतःच्या घरातला हा सोवळेपणा आधी पाहावा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे येथे चालावयाचे नाही.

आमच्याच तालुक्याने याहून चांगले दिवस पाहिले आहेत. 1884 च्या सुमारास शेजारच्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीवाचून लग्ने लाविली, आणि दक्षिणेच्या हक्काचा तंटा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. जोतीरावांनी 1887 साली सत्यशोधक पूजाविधीचे पुस्तक छापले. त्यातल्या मंगलाष्टकांत नवरी गप्प बसत नाही. ती नवऱ्याकडून स्त्रियांच्या हक्काचे वचन मागते आणि तो ते सर्वांदेखत देतो. जिने आदल्या दिवसापर्यंत नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता, तिने मांडवात त्याच्याशी आपल्या भाषेत बोलावे, ही त्या काळची पहिली भेट! एवढी पुढे गेलेली गाडी आम्ही मागे का ढकलावी?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्याच गोष्टी चांगल्या नसतात. कित्येकांत मुलगा मुलीचा पाठलाग करतो, ती नको म्हणते, तरी तो मागे लागतो, आणि शेवटी ती हसते. हे शिकविणारी गोष्ट आम्हांस विषासारखी वाटते. ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रांचाही समाचार घेतला होता, तो उगाच नव्हे. दुसरा दोष असा की, या गोष्टींतली पोरे बहुधा शहरातली असतात. आळेफाट्याच्या मार्केटात कांद्याच्या गोण्यांमागे, नारायणगावच्या टोमॅटोच्या क्रेटांपाशी, पहाटेच्या एस.टी.त कोणाची भेट होते, ते कोणी लिहीत नाही. पण यावर उपाय पाने फाडणे हा नव्हे. उपाय दोन: एक, चांगली-वाईट गोष्ट पोरांसोबत बसून वाचावी आणि “तिने नाही म्हटल्यावर त्याने काय करावयास हवे होते?” असे सरळ विचारावे. आम्ही हे वर्गात करून पाहिले आहे. मुलगे आधी खिदळतात, मग गप्प होतात, मग विचार करतात. दोन, आमच्या पोरांनी आपल्या मुलुखातली गोष्ट स्वतः लिहावी. अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही, तरी त्यांनी आपल्या मातीतले नायक-नायिका मराठीला दिले. आमची पोरे तर कॉलेजात जातात.

तेव्हा आमची मागणी फार नाही. ज्या गावी अनुदानाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे, त्याने एक कपाट तरुणांच्या गोष्टींसाठी ठेवावे आणि त्याला कुलूप लावू नये. शिक्षकबंधूंनी आठवड्यातून एक तास गोष्ट मोठ्याने वाचावी. आणि आईबापांनी एका रात्री जेवणानंतर आपली पहिली भेट मुलांना सांगावी, पोह्यांची असली तरी सांगावी. जे घरात उघड बोलता येते, ते चोरून करावे लागत नाही.

आमचे आळे हे रेड्याच्या समाधीचे गाव. ज्ञानोबांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा येथे विसावला, असे आम्ही भक्तीने सांगतो आणि यात्रा भरवितो. ज्या गावाला मुक्या जनावराच्या बोलण्याचा एवढा अभिमान, त्या गावाच्या परिसरात मुलीच्या हातातली गोष्ट हिसकावून तिला मुकी करावी, हे शोभत नाही.

त्या अंकाची दुसरी प्रत आम्ही मित्राकडून मिळविली आणि रात्री गोष्ट पुरी वाचली. छत्रीचे काय झाले ते आम्ही मुलीस सांगितले नाही. प्रतच तिच्या हाती दिली. चुलत्यालाही भेटून आलो. परीक्षेपर्यंत स्थळांचे नाव काढणार नाही, एवढे तो म्हणाला आहे. परीक्षेनंतर आम्ही पुन्हा जाऊ. तोवर प्रत मुलीपाशी आहे. चुलत्याला वाटले तर त्यानेही शेवट वाचून पाहावा.