परतल्याचा पुरावा

परदेशात मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची, म्हणजे ओव्हरस्टेची, नोंद काही वेळा वेळेत परतलेल्या माणसाच्या नावावरही लागते. संगणक आगमन आणि निर्गमन या दोन नोंदींची जोडी जुळवतो. जोडी जुळली नाही की प्रवासी अजून त्याच देशात आहे असे धरून दिवस मोजले जातात. हे लक्षात येते ते पुढच्या व्हिसाच्या वेळी किंवा थेट इमिग्रेशनच्या खिडकीवर.

अमेरिकेतून विमानाने निघालेल्याची नोंद मुख्यतः विमान कंपनीने पाठवलेल्या प्रवासी यादीवरून होते. नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या प्रवाशांच्या फायलींत म्हणून दोन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली, जोडलेले पासपोर्ट. जुन्या पासपोर्टातला दहा वर्षांचा व्हिसा चालू असतो, मध्येच नवा पासपोर्ट निघतो आणि जाताना एक क्रमांक, येताना दुसरा क्रमांक यंत्रणेत जातो. दुसरी, नाव. पासपोर्टवर नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, तिकिटावर ते गाळलेले असते. अमेरिकेतून कॅनडात किंवा मेक्सिकोत रस्त्याने गेलेल्यांचे निर्गमन नोंदले न जाण्याचा धोका वेगळाच.

मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना अमेरिकेत साधारणपणे सहा महिने मिळतात आणि ती मुदत आय-94 या आगमन-निर्गमनाच्या नोंदीवरून ठरते, व्हिसावरच्या तारखेवरून नव्हे. व्हिसाची तारीख पाहून थांबलेल्याचा ओव्हरस्टे खराच असतो. त्याला चुकीची नोंद म्हणून लढवण्यात अर्थ नाही. बेकायदा मुक्काम 180 दिवसांहून जास्त झाल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष झाल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागू शकते. आय-94 चा प्रवास-इतिहास ऑनलाइन दिसतो. प्रवासी घरी पोचल्यावर लगेच तो काढून पाहिला तर चूक ताजी असतानाच हाती लागते.

युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन क्षेत्रातील 29 देशांत आगमन-निर्गमनाची नवी संगणकीय यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली; पूर्ण अंमलबजावणीसाठी 10 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली गेली. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो, पासपोर्टवरचा शिक्का बंद होतो. 180 दिवसांतले 90 दिवस आता यंत्रच मोजते. शिक्का होता तेव्हा प्रवाशाच्या हातात स्वतःचे काहीतरी होते. आता सगळी नोंद समोरच्याच्या दप्तरी. निर्गमन न सापडल्यास मुक्काम बेकायदा असल्याचे गृहीत धरता येते, मात्र तिकिटे किंवा शेंगेनबाहेर हजर असल्याचा विश्वासार्ह पुरावा देऊन ते खोडता येते, अशी तरतूद नियमातच आहे. दुरुस्तीची विनंती कोणत्याही सदस्य देशाकडे करता येते. दुर्लक्ष केले तर निर्गमन नसलेली नोंद पाच वर्षे राहते. एरवी ती तीन वर्षांची असते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर शिकणारे विद्यार्थी या मोजणीत येतच नाहीत. त्यांची नोंद पर्यटक म्हणून झाली असेल, तर निवास परवान्याची प्रत पुरेशी बोलकी ठरते.

कागद सारख्या वजनाचे नसतात. तिकीट आरक्षण दाखवते, बोर्डिंग पास प्रवासाकडे बोट दाखवतो, पण प्रवासी इथे उतरला हे सांगतो मुंबई विमानतळावरचा आगमनाचा शिक्का. ई-गेटमधून आल्यास तो उठलाच असेल असे गृहीत धरू नये. नूतनीकरणानंतर रद्द होऊन परत मिळालेला जुना पासपोर्ट याच शिक्क्यांसाठी जपायचा.

शिक्का नसेल तर समक्ष हजेरीशिवाय तयारच होत नाही असा कागद हवा. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेल्या खरेदीखतावर पक्षकाराचा फोटो, अंगठा आणि तारीख असते. घराघरांत असा दस्त असतो आणि पुरावा शोधताना नेमका तोच कुणाला आठवत नाही. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड किंवा कार्यालयाचा हजेरीपटही चालतो. यूपीआयचा उतारा माणूस कुठे होता हे सांगत नाही, फास्टॅग गाडीचा माग देतो, एसटीत वाहकाने दिलेल्या तिकिटावर तर नावच नसते. पेन्शनरांचा हयातीचा दाखला चेहरा ओळखून परदेशातूनही काढता येतो, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. बँकेत जाऊन अंगठा दिला असेल तर शाखेचे पत्र सोबत लावावे. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावे. अर्जात कैफियत नको: तारीख, ठिकाण, पासपोर्ट क्रमांक आणि पुरावा असा एका पानाचा तक्ता तपासणाऱ्याला जास्त उपयोगी पडतो.

हाच प्रश्न उलट बाजूने नगर जिल्ह्यात येतो तो अरणगावजवळच्या मेहेराबादला. मेहेरबाबांच्या समाधीसाठी येणारे परदेशी भक्त इथे बराच काळ राहतात. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यात ओव्हरस्टेसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाहुणा उतरल्यापासून 24 तासांत यजमानाने फॉर्म III (पूर्वीचा फॉर्म सी) भरायचा असतो. त्याची प्रत पाहुण्याला देण्याची पद्धत शिर्डीच्या लॉजवाल्यांनीही पाडावी. कोणत्या तारखेला तो कुठे उतरला होता, याचा यजमानाने त्याच वेळी नोंदवलेला पुरावा त्यामुळे त्याच्याजवळ राहतो.