धेंपोचे पुनरागमन : लीगचे नाव तेच, स्थान वेगळे

आय-लीगचा २०२४-२५ चा मोसम २२ नोव्हेंबर २०२४ पासून सुरू झाला आणि बारा संघांच्या यादीत धेंपो स्पोर्ट्स क्लबचे नाव पुन्हा झळकले. २०२३-२४ च्या आय-लीग २ स्पर्धेत स्पोर्टिंग क्लब बंगळुरूपाठोपाठ दुसरे स्थान पटकावून धेंपोने ही बढती मिळवली. गोमंतकीय फुटबॉलप्रेमींना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. मात्र आनंदाच्या भरात एक वस्तुस्थिती नजरेआड होता कामा नये. धेंपो ज्या आय-लीगमधून बाहेर पडला आणि ज्या आय-लीगमध्ये परतला, त्या दोहोंचे केवळ नाव एक होते.

राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून धेंपोच्या खात्यात पाच विजेतेपदे आहेत. इतकी विजेतेपदे मोहन बागान वगळता अन्य कोणालाही मिळवता आलेली नाहीत. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत देशाचे विजेतेपद आठ वेळा गोव्यात आले. त्यांपैकी पाच धेंपोची, दोन चर्चिल ब्रदर्सची आणि एक साळगावकरचे. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने २००८ साली एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली, तर २०११-१२ च्या मोसमात रँटी मार्टिन्सने ३२ गोल नोंदवले. भारतीय फुटबॉलचे केंद्र कोलकात्याहून गोव्याकडे सरकले, असे त्या काळी म्हटले जाई, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

घसरणही तितक्याच वेगाने झाली. २०१४-१५ मध्ये धेंपोची द्वितीय विभागात पदावनती झाली. पुढच्याच वर्षी तेथील विजेतेपद मिळवून संघाने परतीचा हक्क कमावला, परंतु तो बजावला नाही. इंडियन सुपर लीगला सर्वोच्च दर्जा देऊन आय-लीगला दुय्यम ठरवण्याची योजना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१६ मध्ये पुढे आणली. तिच्या निषेधार्थ साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली आणि धेंपोनेही तोच मार्ग स्वीकारला. मैदानावर जिंकून मिळवलेली जागा कागदावरील निर्णयाने दुय्यम ठरू नये, ही त्यामागील भूमिका तत्त्वतः योग्य होती.

परंतु निषेधाने योजना थांबली नाही. सुपर लीग हीच देशातील अव्वल स्पर्धा ठरली आणि आय-लीग तिच्या एक पायरी खाली गेली. २०१६ मध्ये जी व्यवस्था नाकारली, तीच स्वीकारून धेंपो परतला. याला पराभव म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्या वेळी आय-लीगमधून वर जाण्याची वाट निश्चित नव्हती. २०२२-२३ पासून विजेत्याला सुपर लीगचे दार उघडले. त्या मोसमात राउंडग्लास पंजाब आणि त्यापुढील मोसमात मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले. अशा संघांकडून सहभाग शुल्क घेतले गेले नाही; क्लब परवान्याचे निकष तेवढे पूर्ण करावे लागले. बंद दार आणि अरुंद दार यांत फरक आहे, हे धेंपोच्या व्यवस्थापनाने ओळखलेले दिसते.

दार अरुंद आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. वर जाणारा संघ एकच. हैदराबादच्या श्रीनिदी डेक्कनने सलग दोन मोसम दुसरे स्थान मिळवले. दोन्ही वेळा पदरी काही पडले नाही. दुसरीकडे, २०२३-२४ च्या मोसमात तळाला गेलेले ट्राऊ आणि नेरोका हे दोन्ही मणिपुरी संघ खाली घसरले. राज्यातील अशांततेमुळे घरचे सामनेही बाहेर खेळण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. घरचे मैदान आणि घरचा प्रेक्षक यांचे मोल किती, याचा हा कटू धडा आहे.

२०२४-२५ मध्ये धेंपोला प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळायचे होते. म्हणजे एकूण २२ सामने, त्यांपैकी ११ प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर. चर्चिलविरुद्धचा सामना वगळता दहा वेळा राज्याबाहेर जावे लागणार होते. ऐझॉल, शिलाँग आणि श्रीनगर येथील कृत्रिम हिरवळ, काश्मीरची थंडी, लांबचे प्रवास आणि दोन सामन्यांमधील अपुरी विश्रांती यांचा ताण बिनीच्या अकरा खेळाडूंपेक्षा राखीव खेळाडूंची कसोटी पाहतो. गोवा प्रोफेशनल लीगमध्ये सर्वांत लांबचा प्रवास दीड-दोन तासांचा असतो. त्या सवयीतून आलेल्या संघाला हा बदल पचवायला वेळ लागणार होता.

२०२४-२५ मध्ये संघाची धुरा समीर नाईक यांच्याकडे होती, ही जमेची बाजू. विजेत्या धेंपोचा बचावपटू आणि भारताचा आंतरराष्ट्रीय खेळाडू या नात्याने त्यांनी ही लीग मैदानावरून अनुभवली आहे. बढती मिळवणाऱ्या संघाचा गाभाही बव्हंशी स्थानिक आहे. आता मोह पडेल तो बाहेरून नावाजलेले खेळाडू आणून एका मोसमात शिखर गाठण्याचा. एके काळी परदेशी आक्रमकांच्या बळावर धेंपोने विजेतेपदे जिंकली हे खरे; पण त्याच संघात क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा यांच्यासारखे गोमंतकीयही होते. परदेशी खेळाडू करार संपला की जातो, स्थानिक खेळाडूंची फळी मागे राहते.

गोव्याच्या दृष्टीने खरा प्रश्न येथेच आहे. गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय पातळीवर राज्याचे दोनच वरिष्ठ संघ उरले : सुपर लीगमध्ये एफसी गोवा आणि आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्स. २०२४-२५ मध्ये लिस्टन कुलासो मोहन बागानकडून, तर ब्रँडन फर्नांडिस मुंबई सिटीकडून खेळत होता. गुणवंतांनी बाहेर जाणे गैर नाही. परंतु ज्याला अजून कोणी ओळखत नाही, अशा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला राज्यात राहून राष्ट्रीय लीग खेळण्याच्या जागा मोजक्याच होत्या. धेंपोच्या बढतीमुळे अशा जागांची भर पडली आहे. संघ वर्षभरात पुन्हा खाली गेला, तर त्या जागाही जातील.

म्हणूनच या मोसमाचे मोजमाप जुन्या चषकांच्या मापाने करू नये. पहिल्या वर्षी लीगमधील स्थान टिकवणे, निम्म्याहून अधिक संघ गोमंतकीय ठेवणे आणि घरच्या सामन्यांना प्रेक्षक परत आणणे, ही तीन उद्दिष्टे साधली तरी मोसम यशस्वी मानावा लागेल. विजेतेपदाचा विचार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करता येईल. यांतील तिसरे उद्दिष्ट मात्र एकट्या क्लबच्या हाती नाही. धेंपोच्या जुन्या दिवसांच्या आठवणी सांगणारे गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांपैकी किती जण तिकीट काढून मैदानावर येतात, यावरही या पुनरागमनाचे भवितव्य ठरणार आहे.