३० सप्टेंबरची तारीख विश्वस्तांसाठी

ऑगस्ट उजाडला की साताऱ्याहून आणि सांगलीहून विश्वस्तांचा एकच प्रश्न येतो, "हिशेबतपासणी झाली, पत्रके धर्मादाय कार्यालयात दिली, आता काय उरले?"

उरते ते आयकर खाते. धर्मादाय कार्यालय १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने चालते. तिथे दिलेले पत्रक आयकराकडे पोहोचत नाही.

२०२५ ची खरी तारीख विवरणपत्राची नव्हतीच. नव्या पद्धतीत ज्या जुन्या संस्थांची पाच वर्षांसाठी फेरनोंदणी झाली, त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपणारी होती. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म १० एबी, सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत जायला हवा होता. ८०-जी साठीही अर्ज वेगळा, तारीख हीच होती. उत्पन्न पाच कोटींच्या आतले असेल तर नोंदणी आता दहा वर्षांची मिळू शकते. ८०-जी मात्र पाचच वर्षांचे.

चुकले तर? निव्वळ मालमत्तेच्या बाजारभावावर सर्वोच्च दराने कर लागू शकतो. आपल्या भागात ही गोष्ट हसण्यावारी नेता येणार नाही. १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा आणि १९१९ मध्ये काले येथे कर्मवीरांची रयत शिक्षण संस्था उभी राहिली, त्या काळापासून इथल्या शेतकऱ्या-व्यापाऱ्यांनी वसतिगृहांना, मंदिरांना जमिनी दिल्या. तेव्हा गावकुसाबाहेरच्या असलेल्या जागा आज हमरस्त्यावर आहेत. संस्थेच्या तिजोरीत रोकड नसते आणि कर मात्र जमिनीच्या भावाने आकारला जाईल. योग्य कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. त्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी तारीख पर्वकाळात आली. दशलक्षण पर्व २०२५ मध्ये २८ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर होते. उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के खर्च न होता इमारतीसाठी शिल्लक ठेवायचे असतील, तर लेखापरीक्षण लागणाऱ्या संस्थेने ठराव करून फॉर्म १० हा ३१ ऑगस्टपर्यंत भरायचा होता. त्यानंतर ३० सप्टेंबरला लेखापरीक्षण अहवाल आणि ३१ ऑक्टोबरला विवरणपत्र, अशा त्या वर्षीच्या मूळ तारखा होत्या.

व्यापाऱ्यांची वही पूर्वी दिवाळीत बदलत असे. १९८९ पासून सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपते. पूजा दिवाळीला होते, ती व्हावीच. सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या अडत्यांना एक सांगणे: अडत हे कमिशनचे उत्पन्न असल्याने अंदाजित नफ्याची सोपी योजना त्यांना लागू नाही. तोटा असेल तर विवरणपत्र वेळेतच जावे, नाहीतर धंद्यातला तोटा पुढे ओढता येत नाही.

लेखापरीक्षण नसलेल्या व्यक्तींना २०२५ मध्ये १५ सप्टेंबरपर्यंत वाढ मिळाली होती. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येत होते, पण पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क पडत होते आणि पगारदारांना जुनी करपद्धती निवडता येत नव्हती.

शेवटी एक अडचण, जी दरवर्षी ऐनवेळी उघडी पडते. पोर्टलवर ज्या विश्वस्तांचे नाव आणि मोबाईल क्रमांक आहे, ते निवर्तलेले असतात किंवा पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले असतात. ओटीपी तिकडे जातो. नव्या विश्वस्तांचा फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असतो. तेव्हा या आठवड्यातच लॉगिन उघडून पाहावे, आणि पासवर्ड कोणाकडे आहे ते चिटणिसांना विचारावे.